कुंड्यांचा कळप

फौजेत मी नव्या पोरांना नकाशा वाचायला शिकवायचो. होकायंत्र कसं धरायचं, सावलीवरून दिशा कशी ओळखायची, सगळं. त्यामुळे निवृत्त होऊन सांगलीत घर बांधल्यावर, चैत्र-वैशाखात फुलतील अशी झाडं दारापुढं लावायचं ठरलं आणि बायको म्हणाली, "कुणाला तरी विचारून घ्या," तेव्हा मला जरा रागच आला.

"उन्हाचं मला कोण सांगणार?" मी म्हटलं.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसलो. ऊन कुठून येतं, कुठं सरकतं, ते खडूनं फरशीवर आखत गेलो. अंगणभर लख्ख ऊन होतं. दुसऱ्या दिवशी त्याच तोऱ्यात नर्सरीत गेलो.

"भरपूर ऊन लागणारीच झाडं द्या," मी नर्सरीवाल्याला म्हटलं.

"जवळपास मोठं झाड हाय का, साहेब?"

"शेजाऱ्यांच्या आवारात कडुलिंब आहे. पण त्याला पानंच नाहीत."

हे मी अगदी गंभीरपणे सांगितलं. तो काहीतरी बोलणार होता, पण मी पुढं होऊन निवड सुरू केली. बायकोला गजऱ्यासाठी मोगरा हवा होता, तो घेतला. मला छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यापुढं असायचे तसे रंग हवे होते. म्हणून झिनिया घेतला आणि पुढच्या रांगेला ऑफिस टाइम, ते दहाच्या सुमाराला उघडणारं बुटकं फूल. घरी आल्यावर दोरी लावून, उंचीप्रमाणे रांगा धरून सगळं लावलं.

चैत्र आला आणि कडुलिंबाला तांबूस पालवी फुटली. बघता बघता ती हिरवी झाली, दाट झाली आणि माझ्या अंगणावर छत धरल्यासारखी पसरली. गल्लीतले लोक येता-जाता म्हणायचे, "लय गार वाटतंय तुमच्या दारात." इकडं झिनिया नुसता उंच वाढून फाटकाकडं झुकला होता. मोगऱ्याला पानं तेवढी होती. ऑफिस टाइमच्या कळ्या मी रोज दहाला जाऊन बघत होतो. एकही हजर नसायची.

मग मी सगळी झाडं उपटून कुंड्यांत घातली. सकाळी दोन-दोन कुंड्या उचलून फाटकाबाहेर रस्त्याकडेला ठेवायच्या, कारण ऊन तिथंच होतं. दुपारी कुंड्या तापल्या की पुन्हा आत आणायच्या. ऊन कललं की परत बाहेर. कंबर बोलायला लागली, पण बायकोपुढं कबूल करायची सोय नव्हती.

उन्हाळ्यापुरती आई आटपाडीकडनं राहायला आली होती. आमचं घराणं मेंढरं राखणारं. मेंढरांमागं चालायला नको म्हणून तर मी भरती झालो होतो. आईनं ओट्यावर बसून माझ्या या फेऱ्या बघितल्या आणि शेवटी म्हणाली,

"आरं, आमी मेंढरं सावलीला न्हेत हुतो. तू झाडं उनाला न्हेतूयास व्हय?"

गल्लीतल्या कुणीतरी हे ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून हाक यायला लागली, "सुभेदार, कळप निघाला का?" मी नुसतं हसून मान हलवायचो. दुसरं करणार काय, दोन्ही काखांत कुंड्या असायच्या.

वैशाखात उंब्रजला फौजेतल्या एका मित्राच्या मुलीचं लग्न निघालं. कुंड्या कधी बाहेर न्यायच्या, कधी आत आणायच्या, हे बायकोला दोनदा समजावून गेलो. परत आलो तर सगळ्या कुंड्या बाहेरच.

"मला नाही उचलत," बायको म्हणाली. "भोवती ओली पोती गुंडाळलीत. आई दिवसभर बसतात राखायला."

आई फाटकाच्या आत, माझ्या त्या दाट सावलीत, हातात काठी घेऊन बसली होती. मोकाट गाई आल्या की काठी आपटायची. मी दोन दिवस कुरकुर केली, मग कंबरेनंच निर्णय घेतला आणि कुंड्या तिथंच राहिल्या.

थोड्याच दिवसांत मोगरा लागला. ऑफिस टाइम दहाला उघडायला लागलं. झिनियाचे लाल-पिवळे गेंद आले. सगळी फुलं रस्त्याकडं तोंड करून, आणि घरातून मला दिसायच्या त्यांच्या पाठी. पहाटे गल्लीतल्या बायका मोगरा तोडायला यायच्या. मी खिडकीतून खाकरायचो, आई म्हणायची, "घे गं, पर बारकी कळी ऱ्हाऊ दे." सांगलीत आल्यापासून तिच्याशी इतक्या बायका कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे मी खाकरणंही सोडलं.

आता बाग बघायची तर मी चहाचा कप घेऊन फाटकाबाहेर जातो आणि गाड्या चुकवत रस्त्यात उभा राहतो. परवा असाच उभा असताना एकानं गाडी थांबवून विचारलं,

"काका, रोपं विकायला हायत का?"

"नाहीत," मी जरा ताठ होऊन म्हटलं.

आत बसलेल्या आईनं मान वर करून विचारलं, "कुठलं पायजे त्येला?"