जुन्या हॉटेलातली आरशाची पट्टी

जुन्नरच्या पेठेतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलात माझा शिवणक्लास आहे. खाली सागवानी खांब, वर लॉजच्या चार खोल्या, त्यावर कौलं. उन्हाळ्यात कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीला उभी भेग. इंजिनिअरने हातही न लावता सांगितलं, इमारत पाडा.

म्हणून मी राजुरीच्या एका वयस्कर गवंड्याला बोलावलं. बोलण्याआधी खिशातला कंगवा काढून भांग पाडायची त्यांना सवय. केस मोजकेच. बेल्ह्याच्या बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी त्यांनी भिंतीवर थाप मारली, मग खिळ्याने भेग कोरली.

"आत बी निळा रंग हाय, ताई. म्हंजी हॉटेल रंगवलं तवाच ही भेग व्हती. इथं चहाची भट्टी असंल, तिनं भाजलीय भिंत."

तरी माझा चेहरा उतरलेलाच. तेव्हा त्यांनी हॉटेलच्या फुटक्या आरशाची एक पट्टी भेगेवर आडवी ठेवून सिमेंटने पक्की केली.

"भिंत हालली तर काच तडकंल आन् तुमची दोन तोंडं दिसतील. पावसाळा जाऊ द्या."

चार महिने मी रोज कुलूप काढलं की आधी त्या पट्टीत बघत होते.

दिवाळीच्या तोंडावर ते आले. पट्टीसमोर वाकले आणि सावकाश भांग पाडला.

"एकच तोंड हाय अजून," कंगवा खिशात ठेवत ते म्हणाले. "आता इथंच चहा टाका, ताई. जागा भट्टीचीच हाय."