पाठमोरं हॉटेल

मोठ्या शहरात लोक हॉटेलाबाहेर उघड्यावर, रस्त्याकडे तोंड करून खातात, असं आमच्या ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना घरदार नसेल.

"घरदार काऊन नसन वं?" हे म्हणाले. "मोटारी हायेत त्यायच्याजवळ. आत जागा खाली राहते, तरी बाहेरच बसतेत."

मग तर मला त्यांची जास्तच कीव आली.

हे कलकत्त्याहून आले होते. तिथल्या एका साहेबी हॉटेलात कोठारावर कामाला होते. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा काळ. गोंदियाला गाडीत बसलं की थेट हावडा, त्यामुळे आमच्याकडे कोणी घरात रुसलं की कलकत्त्याला निघून जाई. हे मामाजींवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर रुसून गेले होते. स्टेशनच्या रस्त्यावर आमचं लहानसं हॉटेल होतं. ह्यांचं म्हणणं, त्यात काहीतरी नवीन करू. मामाजींचं म्हणणं, भज्यांत नवीन काय करायचं? एवढ्यावरून लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा कलकत्त्याला गेला आणि मी कढईपुढं बसले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. मी गेले असते तर चूल थंड पडली असती, म्हणून मला सोबत न्यायचा विषय कोणी काढलाच नाही. मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायचा, ही आमच्या घरची रीत. आणि घरात माणसं उरली दोनच, तीही नेमकी सासरा आणि सून. मग आम्ही मांजराशी बोलायचो. मामाजी दारातल्या गल्ल्यावरून म्हणत, "माऊ, बेसन सरलं का वं?" मी आतून म्हणे, "माऊ, सांग, उद्यापुरतं हाये." आमच्या घरात माऊचं वजन फार होतं. चार वर्षं मी त्या मांजराच्या मध्यस्थीनं संसार केला. लोक ऐकून हसतात, मीही हसते, पण त्या दिवसांचा मला अजून राग येतो. शेजारपाजारच्या बाया विचारत, "कवा येते वं तुहा नवरा?" तेव्हा हातातला झारा त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटे.

तर दिवाळीला हे आले, ते डोक्यात बाहेरची टेबलं घेऊनच. मामाजींना म्हणाले, होळीपर्यंत दुकानापुढची जागा माझ्या हाती द्या. चाललं तर मी गोंदियातच राहतो. नाही चाललं तर परत जातो, साहेबानं तोवर जागा राखून ठेवली आहे. मामाजींनी मान डोलावली. मी आतून ऐकत होते. मला त्या टेबलांत काडीचाही रस नव्हता. पण त्या दिवसापासून त्या टेबलांसाठी मी देव पाण्यात घालून बसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण घोडं तिथंच पेंड खाणार होतं. आमच्या झाडीपट्टीत माणूस खात बसला असेल आणि ओळखीचं कोणी दिसलं, तर "या जेवाले" म्हटल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. समोरचा म्हणतो, "होऊ द्या." हा पुन्हा बोलावतो, तो पुन्हा होऊ द्या म्हणतो. तिसऱ्यांदा बोलावलं की मात्र नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर बोलावणाऱ्याचा अपमान, आणि तिसऱ्यांदा बोलावलंच नाही तर येणाऱ्याचा. आमच्या हॉटेलच्या दाराला बांबूचा तट्टा असे. त्याच्यामागं बसलं की रस्ता दिसत नाही, रस्त्याला आपण दिसत नाही, त्यामुळे तिथं ही रीत निजून असायची. आमच्या लोकांना कोणालाही न बोलावता निवांत खायची ती एकुलती एक जागा होती. हे ह्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं, उगाच शहाणपण कशाला सांगू.

ह्यांनी सुताराकडून टेबलं आणि घडीच्या खुर्च्या करवून घेतल्या, दारापुढच्या निंबाखाली मांडल्या, टेबलांवर पांढरी कापडं घातली. दिवस बाजाराचा. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गोरेगावकडचे एक पाटील. धान गिरणीवर घातलं की आमची भजी खाल्ल्याशिवाय ते बंडी जुंपत नसत. ह्यांनी त्यांना अदबीनं खुर्ची दिली. खुर्ची घडीची, मिटेल ह्या धाकानं पाटील अर्धेच टेकले.

भजी समोर आली आणि रस्त्यानं त्यांच्या गावचा माणूस आला.

"या जेवाले!"

"होऊ द्या पाटील."

पाटलांना तो यायला नकोच होता, पण सवयीनं तिसऱ्यांदा तोंडून निघून गेलं. तो बसला. मग त्याच्या मागून दुसरा. मग पाटलांचे व्याही आले. व्याह्याला बसल्या जागेवरून हाक मारणं म्हणजे सोयरीक मोडणंच, म्हणून पाटील रस्त्यात गेले आणि त्यांना हात धरून घेऊन आले. व्याह्यांच्या मागं त्यांची बंडी होती आणि बंडीत अख्खं खटलं होतं. मी घाण्यावर घाणे काढत होते आणि सैपाकाच्या खिडकीतून पाहत होते. पाटील उभे, त्यांच्या खुर्चीवर भलताच कोणी. शेवटी एक भजं त्यांच्या हाती लागलं, ते तोंडाकडे जाईतो आणखी कोणी ओळखीचं दिसलं, आणि पाटील ते भजं हलवतच "या जेवाले" म्हणू लागले.

मग ते मुकाट्यानं तट्ट्याआड आले. "बाबू, मले आत चार भजे दे गा," ते ह्यांना म्हणाले. "बाहेर मी खाऊन नाई राहिलो, पंगती उठवून राहिलो."

हे मात्र खुशीत होते. मला येऊन म्हणाले, "पाह्यलं? पहिल्याच दिवशी केवढी भीड!"

पुढच्या बाजाराला त्याहून वाईट झालं. गावात दोन भाऊ होते, बांधावरून त्यांचं बोलणं बंद झालेलं. धाकटा बाहेर बसून आलुबोंडा खात होता आणि थोरला समोरून आला. बोलवावं तर बांध सोडल्यासारखं, न बोलवावं तर चारचौघांत माणुसकी गेली. त्यानं युक्ती केली. घास तोंडात तसाच धरून तो निंबाच्या शेंड्याकडं पाहू लागला. थोरलाही काही कच्चा नव्हता. तो हलेना, तोही तिथंच उभा राहून शेंड्याकडं पाहू लागला. येणारेजाणारे थांबले आणि मान वर करून उभे राहिले. निंबावर काहीही नव्हतं. अखेर धाकट्याला जोराचा ठसका लागला आणि थोरल्यानंच पुढं होऊन त्याच्या पाठीत गुद्दे घातले. ते माणुसकीनं की बांधाच्या रागानं, हे काही शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्यानंतर शहाणी माणसं बाहेर बसेनात. उलट काही महाभाग न्याहारीच्या वेळेला आमच्यासमोरून उगाच फेऱ्या मारू लागले, कोणी बोलावतं का पाहायला. माघ सरत आला तेव्हा बाहेर बसत ते फक्त गाडी बदलायला उतरलेले परके लोक, आणि तेही एक डोळा स्टेशनाकडं लावून. बाकीचा वेळ बाजारातला सांड येऊन टेबलावरची कापडं चघळे. हे कलकत्त्याच्या गोष्टी सांगायचे थांबले. एक दिवस पाहते तो ह्यांनी ट्रंक रिकामी करून उन्हात ठेवलेली. म्हणजे परत जायची तयारी.

दुकानापुढं मी यायची ती फक्त सकाळी, सडा घालायला, रस्त्यावर माणूस नसताना. दुसऱ्या दिवशी सडा झाला आणि पाय दुखले म्हणून मी एका खुर्चीवर टेकले. तेवढ्यात वळणावर दूधवाला दिसला. उठून पळावं तर खुर्ची मिटायची भीती. मी पदर ओढला आणि खुर्चीसकट भिंतीकडे फिरले. दूधवाला माझ्या मागून सायकलची घंटी वाजवत निघून गेला. मी त्याला पाहिलं नाही, त्यानं मला पाहिलं नाही. आणि काय सांगू, वाऱ्यावर बसलेली, निंबाची सावली, समोर आपली सारवलेली भिंत, कोणाचं काही देणंघेणं नाही! इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

मी उठले आणि सगळी टेबलं ओढून भिंतीला लावली. सगळ्या खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे केली.

पाटील आले. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, भिंत पाहिली, मागं वळून रस्ता पाहिला. मग ते बसले, आणि ह्या वेळी पूर्ण बसले. त्यांनी सगळी भजी स्वतः खाल्ली. बाजार भरेपर्यंत एकही खुर्ची रिकामी उरली नाही. पाठीला कोणी रामराम करत नाही, हे आमच्या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही. पाटलांचे व्याही आले, तेही भिंतीकडे तोंड करून शेजारच्याच खुर्चीवर बसले. दोघांनी खांद्याला खांदा लावून भजी खाल्ली आणि एकमेकांना पाहिलं नाही.

हे गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेले होते. परत येऊन पाहतात तो रस्त्याकडे पाठींची रांगच रांग. तडक सैपाकाच्या खोलीत आले.

"हे काय वं? मास्तरनं शिक्षा केल्यावानी बसवले सारे!"

"बसले ना पण?"

"कलकत्त्यात लोक रस्ता पाहाले बाहेर बसतेत. भित पाहाले कोन बसते?"

"गोंदियात बसतेत," मी म्हटलं.

मामाजींनी गल्ल्यावरून माऊला सांगितलं, की हॉटेल चाललं म्हणावं. पण ह्यांच्या नाकावर माशी बसली होती. जे चाललं ते आपलं नव्हे, असं ह्यांनी घेतलं. मी जितकी गिऱ्हाइकं बसवली तितके हे गप्प होत गेले. झाडाला पाणी घालावं आणि ते वाळत जावं, तसं माझं झालं. होळी झाली. हावड्याच्या गाडीचा दिवस ठरला.

दुपारची वेळ. बाहेर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. हे ट्रंक घेऊन दारापुढं आले, मामाजींच्या पाया पडले. मामाजी गल्ल्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलेले, तिथं तेवढं एकच तोंड रस्त्याकडं. बाप तसा लेक, दोघांच्याही तोंडाला कुलूप. मी खिडकीतून पाहत होते. कढईत भजी करपत होती. ह्यांनी ट्रंकेला हात घातला आणि माझं डोकं फिरलं. मी झाऱ्यासकट पुढच्या दारानं, भरदुपारी, रस्त्यावर आले.

"थांबा. चाललं तर राहतो म्हनलं होतं ना तुमी?"

हे गडबडले. "माह्या मनासारखं नाई चाललं ते."

"आन् माह्या मनासारखं काय चालून राहिलं, पुसलं कवा? चार वर्सं मी मांजरासंग बोलून राहिली. तुमाले रस्ता दिसत नाई म्हून राग येते. मले तुमी दिसत नव्हते, मी कोनाले सांगू? थ्या खुर्च्या मी गिऱ्हाइकासाठी नाई फिरवल्या, तुमच्यासाठी फिरवल्या. मले तुमी इथं पायजे. जाच असन तं मले घेऊन जा, नाईतर ठेवा थे ट्रंक."

बोलताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बोलून झाल्यावर कळलं, की आपण कुठं उभ्या आहोत. समोर पाठीच पाठी. एकही जबडा हलत नव्हता. सगळ्यांचे कान लाल झालेले, पण मान कोणी वळवली नाही.

मग पाटील भिंतीलाच म्हणाले, "बाबू, जाऊन राहिला का राहून राहिला, एकदाचं सांग गा. घास उतरून नाई राहिला."

तेव्हा मला आठवलं, की एक तोंड आपल्याकडं आहे. मी पदर ओढायला गेले, पण आता काय उपयोग होता! मामाजींनी सगळं पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं, मांजराबद्दलचंही. ते उठले. आता काय ऐकावं लागतं म्हणून मी डोळे मिटले, आणि स्टूल सरकवल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर मामाजींनी आपलं स्टूल दारातून भिंतीपाशी ओढून फिरवलं होतं. जन्मात कधी गल्ल्याला पाठ न दाखवणारा तो माणूस आमच्याकडे पाठ करून भिंतीपुढं बसला होता, सगळ्यांच्या रांगेत.

ह्यांनी बापाच्या पाठीकडे पाहिलं. मग खाली वाकले.

"जड हाये वं," हे म्हणाले. "एक कडी तू धर."

मी झारा काखेत मारला. आम्ही दोघांनी मिळून ट्रंक आत नेली.