एका डब्यासाठी परभणी जिल्हा

दसरा झाला की आमच्या घरी भांडी पुरली जायची. आई-वडील ऊसतोडीला निघायचे. टोळीच्या ट्रकमध्ये मावतील तेवढीच भांडी सोबत घ्यायची. उरलेली, म्हणजे एक पितळी हंडा, दोन ताटं आणि लग्नातला तांब्या, माय चुलीमागं खड्डा करून पुरायची आणि वरून सारवून टाकायची. खुणेचं माप तिच्या तोंडात असायचं : "भिंतीपासून दोन हात, चुलीपासून येक." घराला कुलूप होतं, पण दार असलं होतं की कुलपालाच लाज वाटावी. पालमजवळच्या आमच्या वस्तीत बहुतेक घरांखाली असं काहीतरी पुरलेलं असायचं.

भांड्यांची सोय अशी. माझी सोय वालूरला, मावशीकडं. पाचवीपासून दहावीपर्यंत दर वर्षी सहा महिने मी तिच्याकडं राहिले. त्या सहा वर्षांत एकही दिवाळी मायसोबत झाली नाही. पण शाळा सुटली नाही. पुढं परभणीला भूगोल घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, म्हणून इथंही सांगितलं.

आता मी पुण्यात संगणकावर नकाशे करणाऱ्या एका कचेरीत आहे. तिथल्या केतकीनं मला जिओकॅशिंगचा नाद लावला. खेळ सोपा आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, आत एक वही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण मोबाईल बघत तिथं जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. त्या डब्याला जिओकॅश म्हणतात.

पहिल्याच दिवशी मी मोबाईलवरचा नकाशा बोटानं पूर्वेकडं सरकवत नेला. पुण्याभोवती ठिपक्यांची नुसती गर्दी. नगरकडं ते विरळ झाले. वेरूळच्या बाजूला थोडे दिसले, जालन्याला एखादा. आणि परभणी कोरी. पाथरी, जिंतूर, गंगाखेड, पालम, सगळं कोरं.

"तिकडं लपवण्यासारखं काही असेल तर ना!" केतकी हसत म्हणाली. ती वाईट मुलगी नाही, पण वाक्य मला लागलं. संक्रांतीनंतर मी चार दिवसांची रजा घेतली, एक झाकणाचा स्टीलचा डबा, वही आणि पेन्सिल पिशवीत टाकली आणि गाडीत बसले. जिल्ह्यात एक तरी ठिपका लावून यायचं, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी परभणीला उतरले आणि जिंतूरकडं जाणाऱ्या एसटीनं झरीला गेले. झरीच्या आसपासची जमीन म्हणजे काळं सोनं, पण लपवायला निरुपयोगी. दगड नाही, कपार नाही, चढउतार नाही. तूर निघालेली, ज्वारी छातीएवढी, मधे कापसाची पांढरी रानं. पुण्याकडं डोंगर माणसाला आडोसा देतो. इथं धुऱ्यावर (बांधावर) कोणी वाकलं तर ते पलीकडच्या शिवारातून दिसतं. ठिपके का नाहीत, याचं अर्धं उत्तर मला तिथंच मिळालं.

मी मोबाईल धरून धुऱ्यानं चालत होते, तेवढ्यात कापूस वेचणाऱ्या एका बाईनं हाक मारली, "काय हरपलं माय?"

"काही नाही काकू, जागा बघतेय."

जागा हा शब्द ऐकून पलीकडून एक गृहस्थ बैल सोडून झपाझप आले. "रस्ता जायलाय का इथून? खरं सांगा मॅडम. मोजणीवाले बी असाच मोबाईल धरून फिरले व्हते."

"नाही हो काका, रस्ता नाही."

"मंग कालवा?"

बघता बघता पाचजण जमले. शेवटी मी डबा काढून दाखवला आणि सगळा खेळ समजावून सांगितला. काकांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे तुमी डबा ठिवायचा."

"हो."

"दुसऱ्यानं पुण्याहून येऊन धुंडायचा. अन घावला की परत तिथंच ठिवायचा."

"हो."

"मंग झालं काय?"

मी डब्याचं झाकण लावलं. कापूस वेचणारी काकू म्हणाली, "आवो जाऊ द्या, शिकलेल्या लोकायला लय सुट्ट्या असतेत." सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी मला ज्वारीच्या रानात बसवून हुरडा खाऊ घातला, सोबत तिळाची चटणी. गरम हुरडा तळहातावर घेऊन फुंकत होते तेव्हा मला शाळेतली मधली सुट्टी आठवत होती. निघताना काकांनी पुन्हा विचारलं, "रस्ता न्हाई ना, नक्की?" डबा पिशवीतच राहिला.

परभणीला परत येऊन गंगाखेडमार्गे पालमची गाडी धरली. दिवस मावळायच्या आत घरी. माझी नोकरी लागल्यापासून आई-आबांनी ऊसतोड सोडली आहे. दारही आता लोखंडी आहे. मायनं येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आणि भाकरी केली होती. डबा बघून तिला नवल वाटलं.

"आपुन घरातलं घरात पुरायचो, ती कुणाला कळू नये म्हणून. अन तू बाहिर ठिवून साऱ्या जगाला सांगायलीस?"

"तसाच खेळ आहे गं."

"चोराचं काम सोपं केलं बग," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर कोणी नाही असं बघून, मी वस्तीबाहेरच्या जुन्या हौदाच्या दगडी भिंतीतल्या फटीत डबा सरकवला. चारदा मागं वळून बघितलं. घरी येऊन मोबाईलवरून जागेची माहिती पाठवली. हा खेळ सांभाळणारे लोक जागा तपासतात आणि मगच ठिपका लावतात.

तासाभरात शेजारच्या गोदाकाकू दारात. हातात माझा डबा.

"संगे, हौदापशी इसरलीस का गं? आत वही बी हाय. म्हटलं हापिसातली आसंल, पोरीची नोकरी जाईल. पळतच आले."

डबा उघडला. वहीवर तिळाचे चार लाडू. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हा आमच्याकडचा रिवाज. आणि खेळाच्या नियमात डब्यात खाऊ ठेवायला सक्त मनाई. मी लाडू खाल्ले, वही झटकली आणि तिन्हीसांजेच्या आधी डबा गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीच्या ढोलीत ठेवला. जेवायला बसलो तर आबांचे एक मित्र सायकलवरून आले. डबा होता, आणि डबा भरून बोरं.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "येडी का खुळी तू? या गावात हरपलेली वस्तू घरी येती. हितं तुजा डबा येक दिवस बी बाहिर ऱ्हायचा न्हाई."

त्याच वेळी मोबाईलवर निरोप आला. जागा तपासणाऱ्यानं विचारलं होतं : तुम्ही पुण्याला राहता, मग डब्याची देखभाल जवळचं कोण करणार? त्या माणसाचं नाव कळवा, नाहीतर ठिपका लागणार नाही.

"मी केली असती राखण," आबा म्हणाले, "पण कशाची? डबा तर घरातच असणार."

माय भाकरी मोडत म्हणाली, "तू वालूरला का जाईनास? आक्काला भेटून चार वर्सं झाली तुला."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, माझी कौसामावशी. चार वर्षं हा आकडा मी मनात मोजला नव्हता. मायनं मोजला होता.

तिसऱ्या दिवशी परभणी, सेलू आणि तिथून जीपनं वालूर. लहानपणी मी ज्या बारवेत (पायऱ्यांच्या विहिरीत) फक्त काटे आणि कचरा बघितला होता, ती गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली आहे. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्या बघून मी उभीच राहिले. याच काठावर बसून मी पाढे पाठ केले होते, आणि खाली एवढं सुंदर काही दडलंय हे सहा वर्षांत मला कळलं नव्हतं. डबा इथंच ठेवावा असं वाटलं. पण लोकांनी टोपलं टोपलं गाळ उपसून ती साफ केली, तिथल्या कपारीत आपण डबा खुपसायचा हे मन घेईना.

मावशीची पिठाची गिरणी तिथून दोन गल्ल्या पुढं आहे. मावशीचे यजमान वारल्यापासून ती एकटी चालवते. पट्टा फिरत होता, मावशी भुवयांपर्यंत पांढरी.

"आलीस व्हय? काय काम काढलंस?"

"काम नाही गं. भेटायला आले."

"मंग हातात डबा कशाचा? दळण आणलंस पुण्याहून?"

खोटं बोलता आलं नाही. गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून मी खेळ सांगितला, राखणीचं सांगितलं. मावशीनं बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा थांबला.

"म्हंजे डब्याला जागा पायजे, अन डब्याला राखणदार पायजे. मला वाटलं, मावसीची याद आली."

ती पुढच्या डब्यातली ज्वारी ओतायला वळली. मी तिथंच उभी. चारच्या गाडीनं सेलूला जाऊन रात्रीची रेल्वे धरायची, असं ठरवून आले होते. चार वाजले, गाडी गेली. मी पुण्याला एक दिवस जास्तीच्या रजेचा निरोप पाठवून दिला आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचली.

गिरणीच्या बाहेर पत्र्याखाली एक लांब फळी आहे. दळणाचे डबे त्या फळीवर रांगेनं थांबतात. प्रत्येक डब्यावर मालकिणीचं नाव. ती नावं मी लिहिलेली होती. सातवीत असताना मावशीनं मला लाल रंग आणि काडी दिली होती, कारण त्या घरात लिहिता येणारी मी एकटीच. माझं पहिलं प्रकाशित लिखाण म्हणा हवं तर. आता अक्षरं अर्धी झिजली होती. मी दुकानातून रंगाची डबी आणली आणि फळीजवळ मांडी घालून बसले.

दळण न्यायला आलेल्या बायकांनी मला ओळखलं.

"आगं, ही कौसाबाईची संगी न्हवं का? ऊसतोडवाल्याची. लय मोठी झाली!"

"माझा डबा दे हिकडं. माझं नाव नगं लिवूस आता, सुनंचं लिव. डबा तिचा झाला."

"अन दळण कोण आणायलंय मंग?" दुसरी म्हणाली.

"दळण मीच आणायले. नाव तेवढं तिचं!"

उजेड होता तोवर मी नावं लिहीत बसले. काही शांताबाईंच्या जागी प्रियांका आल्या, काही नावं पुन्हा लिहायची वेळच आली नाही, कारण ते डबे आता येत नाहीत. मावशी आतून बघत होती. जेवताना तिनं माझ्या ताटात न विचारता तुपाची धार ओतली, एवढंच.

सकाळी मावशीनं फळीवरचे दोन डबे सरकवून मधे जागा केली. "हितं ठिव."

"मावशी, इथं सगळ्यांना दिसेल की."

"दिसू दे. गिरणीवर दुसऱ्याच्या डब्याला कोणी हात लावत न्हाई. इतक्या वर्सात येक झाकण बी गेलं न्हाई."

"पण पालमसारखा कोणी घरी आणून दिला तर?"

"कुठं नेतील? दळणाचा डबा गिरणीवरच असतो. नाव काय टाकायलीस?"

मी रंगात काडी बुडवली. तीच म्हणाली, "पाहुणा लिव." मी लाल रंगात 'पाहुणा' लिहिलं.

"राखणीचा जिम्मा माझा म्हणून कळीव त्यायला. पण येक ऐक. वही भरली की नवी वही तू सोता आणून ठिवायची. पोस्टानं पाठिवली तर चुलीत घालीन."

परतीच्या गाडीत मी गिरणीची जागा आणि मावशीचं नाव कळवलं आणि पुन्हा तो नकाशा उघडला. आमच्या कचेरीत आम्ही असे ठिपके रोज लावतो : दवाखाने, शाळा, पाण्याच्या टाक्या. ठिपका नसला की साहेब म्हणतात, तिथं काही नाही. पुण्यात ठिपके दाट आहेत कारण तिथं रविवार मोकळा असलेली माणसं दाट आहेत, आणि डबा लपवला तर शेजाऱ्याला पत्ता नसतो. झरीला, पालमला पाच मिनिटांत पाचजण विचारतात, काय हरपलं. मी स्वतःही चार वर्षं पुण्याच्या दाट भागात राहून विरळ झाले होते, हे मला खिडकीशी बसून मान्य करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात ठिपका मंजूर झाला. महिन्याभरानं मावशीचा फोन आला, आवाजात हसू मावत नव्हतं.

"संगे, आले व्हते गं! नवरा-बायको, नांदेडचे. मोबाईल धरून गिरणीला चार चकरा. फळीपुढं उभे ऱ्हाऊन साऱ्या डब्यायची नावं वाचायलेत अन हात लावायला भ्यायलेत. मी गपगार. हसू दाबून दाबून पोट दुखलं माझं."

"मग सापडला का?"

"बाईला घावला. तिनं उडीच मारली. मंग मी म्हटलं, आता पाहुण्याचा डबा घावलाय तर पाहुण्यावानी जेवून जा."

केतकीला मी मोबाईल दाखवला. ती म्हणाली, "अरे वा! पुढच्या वेळी मला घेऊन चल." मी म्हटलं, "चल की, पण मावशी दळायला बसवेल."

परभणी जिल्ह्यात आज एक ठिपका आहे. तो वालूरला, पिठाच्या गिरणीच्या फळीवर आहे, आणि तो मी लावला आहे. वहीत आत्तापर्यंत तीन पानं भरली आहेत, बाकी सगळी कोरी. तरी मी दोनदा वालूरला जाऊन आले.