टाकीचं सणाचं जेवण

चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना चुकेन, सांगताना नाही.

बेंगळूरचं सांडपाणी गावाबाहेर जिथं येऊन पडायचं, तिथं मी टाकीवर होतो. नाकाला रुमाल कधी लावला नाही. पाण्याखाली बसलेला गाळ झाकणबंद टाकीत सोडायचा, आत तो कुजतो आणि त्याचा गॅस होतो. सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. टाकी पुरती रिकामी करायची नाही. जुना गाळ राखायचा, दह्याला विरजण राखतो तसा. मजूर त्याला हेप्पु म्हणत. कानडीत विरजणच ते.

या गॅसची नळी आमच्या क्वार्टर्सपर्यंत आणलेली. शेजारी सगळे त्यावर शिजवायचे. आमच्या घरची शेगडी मात्र कोरी.

"संडासाच्या जाळावर देवाचा नैवेद्य?" बायको म्हणायची.

"मी त्याच संडासाचं खातो की."

"तुम्ही खा. देव नाही तिथं नोकरीला."

पुन्हा विचारलं नाही. एकदा नाही ऐकलं की दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही.

पण लाकडाच्या धुरानं तिची छाती गेली होती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "चूल बंद करा, नाहीतर ही थंडी त्यांना निघणार नाही." रॉकेलच्या स्टोव्हचा वास तिला सोसत नव्हता. काही दिवस ती चूलच फुंकत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "सरी, ठीक आहे. विजयादशमीला पेटवू. चांगला दिवस आहे."

आदल्या दिवशी आयुधपूजा. फावड्यांना कुंकू, फाटकात कोहळा फोडलेला, टाकीच्या व्हॉल्व्हला झेंडूचा हार. सगळे पायस जेवले. मेस्त्री ढेकर देत म्हणाला, "अण्णा, आपण पोटभर जेवलो, ह्या टाकीनंच काय पाप केलंय? उद्या सुट्टी, कोण घालणार हिला? आणि तुझ्या घरी पहिला जाळ. मोठा नको?"

सगळे हसले. व्हॉल्व्ह माझ्या हातात होता. साठलेला गाळ सगळा टाकीत सोडला.

विजयादशमीला तिनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं. जाळ निळा, उंच. दूध उतू गेलं तसे तिनं हात जोडले. मग वाकून हुंगलं.

"वास नाही येत हो," म्हणाली.

चार-सहा दिवसांत जाळ बारीक झाला. मग काडी लावली की भक्क करून विझायचा. टाकी आंबली होती. साहेबांनी गाळ घालणं थांबवलं, चुना टाकायला लावला, दुसऱ्या टाकीतला हेप्पु आणून ओतला. यापुढं वाट बघायची, एवढंच. तिनं पुन्हा लाकडं पेटवली.

"देवाला आवडलं नाही ते."

"देवाचं काय त्यात? अजीर्ण झालंय तिला."

"मग तुमच्याच वळणावर गेली. सणाला तुम्हीपण असंच जेवता."

हसली. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

थंडीतच गेली. मी रडलो नाही. लोक काय बोलले ते ऐकू येत होतं. तेरावा झाल्यावर कामावर गेलो, गाळ सोडला, सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा.

एके दिवशी मेस्त्री फाटकातून ओरडला, "अण्णा, गॅस पेटला!"

घरी जाऊन दूध ठेवलं. जाळ निळा, जरासुद्धा हलत नव्हता. मी समोर उभा. दूध वर आलं, उतू गेलं, जाळ विझला. बघत राहिलो. मग वास आला, कुजक्या अंड्यासारखा. ती म्हणाली होती, येत नाही. जळत असताना नाही येत.

तोटी बंद केली. शेगडी पुसली. दार उघडून वास जाऊ दिला, पुन्हा काडी लावली आणि भात टाकला. एकट्यापुरता किती घालायचा कळेना. नेहमीएवढाच घातला.

पुढच्या आयुधपूजेला टाकीला बाहेरून कुंकू लावलं, तेवढंच. गाळ नेहमीएवढाच सोडला.