आईच्या नावावर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे — पण सुरुवात कुठून करू?

रघुनाथराव खळदकरांपासूनच करते. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत ते लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाइकाला दाखवताना साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकायचे, मान जराशी कलती करायचे — आणि धोतर-कोटातल्या त्या उतारवयाच्या माणसाच्या जागी क्षणभर एक देखणी बाई उभी राहायची. मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू?

लहानपणी ते नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. आवाज फुटला आणि नाटक सुटलं. मूकपटाला आवाज लागत नव्हता, म्हणून तिथे नायिका झाले. मग सिनेमा बोलायला लागला आणि तेही संपलं. हे सगळं ते दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तसं सांगायचे.

मी तेव्हा हौशी नाटकात काम करत होते. नवरा गेल्याची तार येते, तो प्रवेश मला काही केल्या जमत नव्हता. दुपारी दुकान बंद असायचं, मालक तक्क्याला टेकून घोरत असायचे, आणि रघुनाथराव मला शिकवायचे.

"अहो बाई, चेहरा कुणीही पाडेल. तार वाचलीत की आधी निऱ्या सारख्या करा. मग पाठ फिरवा. रडायचं ते पाठीनं."

कित्येक महिने शिकवलं त्यांनी, एकदाही वाकडा शब्द न बोलता. नाही — वाकडे शब्द पुष्कळ बोलले. त्यातल्या प्रत्येक शब्दाची मी ऋणी आहे. रंगमंचावर नुसतं उभं राहायला मला त्या माणसानं शिकवलं. पुढे जे काही नाव झालं, ते त्या दुपारांमुळे झालं.

नाटकाला बक्षीस मिळालं. सत्काराच्या वेळी सूत्रसंचालकांनी विचारलं, तो शब्दांवाचूनचा अभिनय कुणाकडून शिकलात?

रघुनाथराव तिसऱ्या रांगेत होते, कोटाला इस्त्री करून आलेले. मीच बोलावलं होतं. प्रश्न ऐकून ते खुर्चीत सावरून बसले — आता आपल्याला उभं राहावं लागेल, असं वाटलं असेल का त्यांना? आणि पहिल्या रांगेत माझ्या होणाऱ्या सासूबाई होत्या. बंद दुकानात, साड्या विकणाऱ्या पुरुषाकडून मी बाई व्हायला शिकले, हे त्यांच्यासमोर सांगायचं?

"आईकडे बघून," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. रघुनाथरावांनीही वाजवल्या. माझी आई नाही, एवढंच सासूबाईंना माहीत होतं; ती मी तान्ही असतानाच गेली, हे रघुनाथरावांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. वाटेत माफीचे शब्द जुळवत होते.

"पाठ फिरवताना डावा खांदा अजून उचलता तुम्ही," ते म्हणाले, आणि शिकवायला लागले. मी पाठ फिरवली, खांदा खाली घेतला. माफी मागायची वेळ नंतरही कितीदा आली असेल — पण मी शिकत राहिले आणि गप्प राहिले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा कसबा पेठेत त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांची मुलगी मला ओळखत नव्हती. "आपण?" तिनं विचारलं.

"साड्या घ्यायचे त्यांच्याकडून."

तिनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाली, "अण्णा एका मुलीला नाटक शिकवायचे. फार कौतुक होतं त्यांना तिचं. तुमच्या कधी पाहण्यात आली का ती?"

मी नाही म्हणाले.