डाव्या हाताचे आकडे

मंडळी, पक्षाघाताने माझ्या धाकट्या बहिणीचा, लताचा, उजवा हात गेला. चिखले गावच्या वखारीत चिकूची वजनं संगणकावर भरायची तिची नोकरी टिकावी, म्हणून मी सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागून सगळ्या आकड्यांचे शॉर्टकट डाव्या हाताच्या बटणांवर बसवून घेतले.

आज पहिल्यांदा ते वापरायचे होते, म्हणून मीही तिच्यासोबत वखारीत गेले. काट्यावरच्या रमणभाईंनी नेहमीसारखं गुजरातीत पुकारलं, "त्रेवीस, लताबेन."

"तेवीस," लता लगेच मराठीत म्हणाली. बोट मात्र बटणांवर तसंच थांबलं.

"दाब की," मी दटावलं.

"ताई, तेवीस दिसतात कसे गं?"

मी फक्त हाताचा विचार केला होता.

वखारीचे शेठ तिच्यासाठी आठवडाभर थांबणार आहेत. अशा आजारानंतर कुणाला पुन्हा आकडे ओळखायला शिकवलंय का तुम्ही? कसं, तेवढंच लिहा. सांत्वन नको.