हजेरी माफीचा अर्ज

"फरारी म्हणं. काहिलीजवळ बसलेला फरारी मी पयल्यांदाच बघितला," एक हवालदार दुसऱ्याला सांगत होता. "पकडाय गेलो तर म्हणतोय, पावणं, जरा थांबा, एवढी काहील उतरू द्या."

दोघं हसले. त्यांच्यामध्ये बाकावर बसलेला आमचा पक्षकारही कसनुसा हसला. मी फाइल छातीशी धरून कोर्टाच्या व्हरांड्यातल्या भिंतीला टेकले होते. सकाळचे साडेअकराही वाजले नव्हते आणि मला दिवस संपल्यासारखं वाटत होतं.

तो गुळव्या होता. काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, उकळणारा रस नेमका कधी उतरवायचा, हे ज्याला कळतं तो. मूळचा गारगोटीकडचा, पण हंगामात कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर असायचा. तिथल्या एका भांडणात समोरच्याचा हात मोडला होता, त्या केसमध्ये तो जामिनावर होता. दोन तारखांना आला नाही म्हणून वॉरंट निघालं आणि सतरा दिवस तो कळंब्याच्या जेलमध्ये बसला होता. आज पुन्हा जामिनाचा अर्ज होता. सोमवारपर्यंत सुटला नाही तर त्याच्या जागी आणलेला माणूस कायम करतो, असं गुऱ्हाळाच्या मालकानं त्याच्या बायकोला सांगितलं होतं.

बायको माझ्या शेजारीच उभी होती. तिनं माझ्यासाठी कागदात बांधून गुळाचा खडा आणला होता.

"म्याडम, आज नीट मोठ्यांदा बोला हं," ती म्हणाली. "तुमी लई हळू बोलता. गुऱ्हाळावर असं बोलला तर कुणाला ऐकाय येणार न्हाय आन् रस करपून जाईल."

मी मान हलवली.

"त्या तारखंला अर्ज दिलता न्हवं तुमी? ह्यांनी सकाळीच फोन केलता की."

मी पुन्हा मान हलवली. त्यातून हो निघतं की नाही, हे तिनं ठरवावं, असं.

पहिली तारीख त्यानं स्वतःच चुकवली होती. भावकीत लग्न होतं आणि त्यानं कुणाला कळवलंही नव्हतं. दुसऱ्या तारखेला मात्र त्यानं सकाळी सातला मला फोन केला होता. दुसरा माणूस आला नाही, काहील चढवलीय, माफीचा अर्ज तेवढा द्या. आरोपीला येता येत नसेल तर त्या दिवसापुरती हजेरी माफ करा, असा अर्ज वकिलानं पुकारा झाल्यावर उठून द्यायचा असतो. एवढंच काम. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसमध्ये, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या सरांच्या ऑफिसमध्ये, कॉम्प्युटरवर त्याचा मजकूर कायम तयार असतो. त्यात कारण एकच: आरोपीची आई आजारी आहे. मी नाव बदललं, तारीख बदलली, कोर्ट फीचं तिकीट लावलं आणि जाऊन मागच्या रांगेत बसले.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि बाईंनी नाव घेईपर्यंत थांबायचं. कोर्टात तुमचं नाव कुणी घेत नाही. शिपायानं आरोपीचा पुकारा केला तेव्हा पुढं चार-पाच मोठे वकील कशावरून तरी वाद घालत उभे होते. त्यांच्या खांद्यांवरून बोलावं लागलं असतं. मी अर्धवट उठले आणि ते संपवतील म्हणून थांबले. न्यायाधीशांनी पान उलटलं. आरोपी गैरहजर, वकील गैरहजर, वॉरंट. पुढचा पुकारा झालासुद्धा.

संध्याकाळी सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "कोर्टानं अर्ज घेतला नाही." ते फक्त "बरं" म्हणाले. इतकं सोपं होतं. तेव्हापासून तो अर्ज फाइलच्या मागच्या कप्प्यात घडी करून ठेवलेला होता. मी तो फाडला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. फाइल काढली की तो तिथं आहे ना, एवढं बघायचे आणि परत ठेवायचे. याचाही शीण येतो.

सर आज वरच्या मजल्यावर दुसऱ्या केसमध्ये अडकले होते. फोनवर म्हणाले, "तूच उभी राहा. जामिनाच्या अर्जात आईचं आजारपण टाकलंय, तेवढंच बोल. सगळे तेच बोलतात."

पुकारा झाला. या वेळी पुढं कुणी नव्हतं. मी उभी राहिले आणि तेवढंच बोलले.

सरकारी वकील म्हणाले, आरोपी दोनदा गैरहजर आहे, सोडला तर पुन्हा येणार नाही. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "आई आजारी होती म्हणता. काही कागद आहे?"

मागं त्याची बायको हळूच कुणाला तरी म्हणाली, "सासू जाऊन धा वर्सं झाली की."

न्यायाधीशांनी ते ऐकलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आरोपीला विचारलं, "का आला नाहीस रे?"

त्यानं हात जोडले. मी फोन केला होता, वकीलबाईंनी अर्ज दिला असंल, यातलं तो काहीच बोलला नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चुकलं साहेब माझं," एवढंच म्हणाला.

त्याला त्या दुपारी जामीन मिळाला. सोमवारी तो काहिलीजवळ होता आणि आता तारखेला कोर्ट उघडायच्या आधी येऊन बसतो. सर माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा न्यायाधीश लिहायला पेन उचलत होते आणि मी फाइलचा मागचा कप्पा उघडत होते. घडीवर अर्ज मळला होता. तो पुढं धरला तेव्हा आवाज मलाच परका वाटावा इतका मोठा निघाला.

"साहेब, आई आजारी नव्हती, ते आम्ही सगळ्यांसाठी लिहितो. गुऱ्हाळ सोडता येत नाही, हे यांनी सकाळीच फोन करून कळवलं होतं. हा त्या दिवशीचा अर्ज. पुकारा झाला तेव्हा मी याच खोलीत होते, हा माझ्या हातात होता, आणि मी उठले नाही."